दोन पासपोर्ट असतील तर कुठे कुठला दाखवायचा?

दोन देशांचं नागरिकत्व असलेल्या माणसाला विमानतळावर हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, आता यातला कुठला काढू? उत्तर तसं दोन ओळींचं आहे. ज्या देशाचे तुम्ही नागरिक आहात, त्या देशाच्या अधिकाऱ्याला त्याच देशाचा पासपोर्ट दाखवायचा. विमान कंपनीला मात्र, जिथे उतरणार आहात तिथे आत घेतील असा पासपोर्ट दाखवायचा. बहुतेक प्रवास एवढ्यावर निभतात. जे निभत नाहीत, तिथे हा नियम पाठ असून भागत नाही. समोरचा माणूस पासपोर्ट कशासाठी मागतोय हे कळावं लागतं.

प्रवासात पासपोर्ट मागणारे तिघं असतात आणि तिघांना वेगवेगळं काही हवं असतं. पहिला, विमान कंपनीचा चेक-इन काउंटर. त्याला एवढंच बघायचं असतं की पलीकडे गेल्यावर तुम्हाला परत पाठवणार तर नाहीत ना. परत पाठवलं तर तुम्हाला माघारी आणायची जबाबदारी कंपनीवर येते आणि बऱ्याच देशांत वर दंडही होतो. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी 'टिमॅटिक' नावाच्या यादीत बघतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना 'आयाटा' ती चालवते आणि कुठल्या पासपोर्टवर कुठे व्हिसा लागतो हे तिच्यात असतं. दुसरा, निघताना भेटणारा इमिग्रेशन अधिकारी. प्रवासी आपल्या देशात कायदेशीरपणे होता का आणि आता बाहेर जातोय याची नोंद झाली का, एवढंच बघणं त्याचं काम. तिसरा, उतरल्यावर भेटणारा अधिकारी: याला आत घ्यायचं का, आणि घेतलं तर नागरिक म्हणून की पाहुणा म्हणून?

समजा एखादीकडे ब्राझील आणि इटली अशा दोन देशांचे पासपोर्ट आहेत आणि ती साओ पाउलोहून रोमला निघाली आहे. चेक-इनला ती इटलीचा पासपोर्ट देते, कारण रोमला तोच दाखवायचा आहे. ब्राझीलच्या इमिग्रेशनला ब्राझीलचा देते, कारण ती तिथली नागरिक आहे आणि तिची नोंद त्याच पासपोर्टवर आहे. रोमला उतरल्यावर पुन्हा इटलीचा, तोही युरोपीय नागरिकांच्या रांगेत. परतीला सगळं उलटं: चेक-इनला ब्राझीलचा, रोममधून बाहेर पडताना इटलीचा, साओ पाउलोला ब्राझीलचा. यात लपवाछपवी काही नाही. काउंटरवर कोणी विचारलं, 'परतीचा व्हिसा कुठे आहे?', तर दुसरा पासपोर्ट पुढे करायचा. रांगेत पासपोर्ट चोरून अदलाबदल करणारे प्रवासी असतात, त्यांचं मला नवल वाटतं. दोन्ही कागद खरे आणि कायदेशीर असताना चोरासारखं वागून संशय कशाला ओढवून घ्यायचा?

एक गुंता मात्र इथेच सांगायला हवा. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या देशांत बाहेर पडताना इमिग्रेशनचा नेहमीचा काउंटरच नसतो. तुम्ही देश सोडला हे सरकारला कळतं ते विमान कंपनीने पाठवलेल्या प्रवाशांच्या माहितीवरून. म्हणजे तिथे काउंटरवरचा एकच कर्मचारी दोन कामं करत असतो. पलीकडे आत घेतील का हे तपासतो आणि इथून गेल्याची नोंदही करतो. अमेरिकी नागरिकाने अमेरिका सोडताना ही माहिती अमेरिकी पासपोर्टची गेली पाहिजे आणि पलीकडच्या देशाचा पासपोर्ट केवळ प्रवेशाचा पुरावा म्हणून दाखवला पाहिजे. इथे दोन्ही पासपोर्ट एकदमच काउंटरवर ठेवून 'मी दोन्हीकडचा नागरिक आहे' असं सांगणं सगळ्यांत सोपं. ऑनलाइन चेक-इनमध्ये ही सोय नीट नसते. तिथे एकच पासपोर्ट भरता येतो, म्हणून अशा प्रवासाला थोडं लवकर जाऊन काउंटरवरच बोलावं.

स्वतःच्याच देशात पाहुणा होता येत नाही

सगळ्यांत जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट अशी. एक पासपोर्ट मुदत संपून पडलेला असतो. माणूस म्हणतो, दुसरा आहे की, त्यावर जाऊ. आणि ज्या देशाचा पासपोर्ट संपलाय नेमक्या त्याच देशात जायचं असतं.

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की अमेरिकी नागरिकाने देशात येताना आणि देशाबाहेर जाताना अमेरिकी पासपोर्टच बाळगायचा. ऑस्ट्रेलियाचंही म्हणणं तेच. काही देशांत कायदा इतका कडक नसतो, तरी रचनाच अशी असते की दुसरा मार्ग उरत नाही. याचं कारण मजेशीर आहे: नागरिकाला व्हिसा देताच येत नाही. व्हिसा म्हणजे परक्याला दिलेली परवानगी. तुम्ही परके नाही, मग परवानगी कसली? अमेरिकेत व्हिसाशिवाय जाणाऱ्या पाहुण्यांना 'एस्टा' नावाची ऑनलाइन मंजुरी लागते, ती अमेरिकी नागरिकासाठी नाही. कॅनडाची तशीच मंजुरी, 'ईटीए', कॅनडाच्या नागरिकाला मिळत नाही. ब्रिटनच्या ईटीएचंही तसंच.

पूर्वी यातून वाट निघायची. दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर व्हिसा लागत नसेल तर माणूस तसाच विमानात बसायचा आणि उतरल्यावर 'मी इथलाच' म्हणून सांगायचा. आता ही मंजुरी विमानात चढण्याआधीच संगणकावर तपासली जाते. कॅनडाने १० नोव्हेंबर २०१६ पासून ही अंमलबजावणी कडक केली. तेव्हापासून दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर कॅनडाला निघालेल्या कॅनडाच्या नागरिकाला विमानात चढू देत नाहीत. अपवाद अमेरिकी पासपोर्ट असणाऱ्यांचा. ब्रिटनने ईटीएची सक्ती २५ फेब्रुवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू केली. त्यामुळे ब्रिटिश नागरिकत्व असलेल्यांना ब्रिटिश पासपोर्ट, नाहीतर दुसऱ्या पासपोर्टला जोडलेलं ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. आयर्लंडचा पासपोर्ट असला तर तोही चालतो.

परिणाम असा की हक्क पूर्ण आहे आणि विमानात मात्र चढता येत नाही. तुम्ही नागरिक आहात हे तुमचा देश नाकारत नसतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ते दिसत नसतं, इतकंच. त्याच्याशी कायद्याचा वाद घालून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नाही. यात आणखी एक गट सापडतो. जन्माने नागरिकत्व मिळालं आणि त्याचा पत्ताच नाही, असे लोक. आईवडील अमेरिकेत शिकत असताना तिथे जन्मलेलं मूल दोन महिन्यांचं असताना परत आलं, तरी ते अमेरिकेचं नागरिक असतं. पंचविसाव्या वर्षी तो मुलगा एस्टाचा अर्ज भरायला बसतो, जन्मस्थान अमेरिका लिहितो आणि मग सगळं उलगडत जातं.

तिसऱ्या देशात मात्र निवड तुमची

ज्या देशाशी तुमच्या दोन्ही नागरिकत्वांचा संबंध नाही, तिथे कुठला पासपोर्ट वापरायचा हे तुम्ही ठरवता. एकावर व्हिसा लागतो आणि दुसऱ्यावर लागत नाही. एकावर तीस दिवस मिळतात आणि दुसऱ्यावर नव्वद. एकावर शुल्क कमी. हे बघून निवडायला काही हरकत नाही, दुहेरी नागरिकत्वाचा तो सरळ फायदाच आहे. कधी निवड राजकारणामुळेही करावी लागते. लेबनॉन इस्रायलचा शिक्का असलेल्या पासपोर्टवर प्रवेश नाकारतो.

पण एकदा निवडलं की त्या देशापुरता तोच पासपोर्ट. ज्यावर आत गेलात त्यावरच बाहेर पडा. दुसरा दाखवलात तर अधिकाऱ्याला दिसतो असा माणूस, जो कधी आलाच नाही आणि आता जायला निघालाय. आणि पहिल्या पासपोर्टवर आलेला माणूस त्यांच्या नोंदीत अजून देशातच राहतो. पुढच्या वेळी तो पासपोर्ट काढलात की 'तुम्ही मुदत संपूनही राहिला होतात' हे ऐकून घ्यावं लागतं.

रस्त्याने सीमा ओलांडताना हे जास्त जाणवतं. विमानात दोन अधिकाऱ्यांच्या मध्ये हजारो किलोमीटर असतात. रस्त्यावर पाचशे पावलं. या बाजूने निघताना शिक्का एका पासपोर्टवर पडलेला असतो, तुम्ही पलीकडे दुसरा पुढे करता, आणि तिथला अधिकारी पानं उलटत विचारतो, शेजारच्या देशातून सुटल्याचा शिक्का कुठे आहे? इथे दोन्ही पासपोर्ट हातात ठेवावेत, आणि विचारलं तर दोन्ही द्यावेत. काही ठिकाणी अधिकारी आग्रह धरतो की सुटल्याचा शिक्का ज्यावर आहे त्याच पासपोर्टवर आत या. त्या पासपोर्टवर व्हिसा लागत असेल तर पंचाईत. ज्यांना असा रस्त्याचा प्रवास करायचा आहे त्यांनी सलग सगळ्या देशांत चालेल असा एकच पासपोर्ट निवडून पूर्ण फेरी त्यावरच करणं शहाणपणाचं.

पासपोर्ट दोन, माणूस एकच

इथे एक गैरसमज मला वारंवार दिसतो. दोन पासपोर्ट म्हणजे दोन माणसांइतकी मुभा, असं काहींना वाटतं. युरोपात शेंगेन देशांमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांमध्ये, बाहेरच्या पाहुण्याला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. कोणाकडे शेंगेनबाहेरच्या दोन देशांचे पासपोर्ट असतील, तर एकावर ९० दिवस राहून बाहेर पडायचं आणि दुसऱ्यावर पुन्हा ९० दिवस घ्यायचे, ही युक्ती हमखास सुचते. ती चुकीची आहे. दिवस माणसाचे मोजायचे असतात, पासपोर्टचे नाहीत. शाईच्या शिक्क्यांच्या काळात ती कधी खपूनही जायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपाने नवी प्रवेश-निर्गमन नोंद पद्धत सुरू केली. तिच्यात पाहुण्याचा चेहरा आणि बोटांचे ठसे घेतले जातात. पासपोर्ट बदलला तरी बोटं तीच.

आणि एक पासपोर्ट युरोपीय संघातल्या देशाचाच असेल तर हा हिशोबच तुम्हाला लागू नाही. तेव्हा तो दाखवा. दुसऱ्या पासपोर्टवर पाहुणा म्हणून आत गेलात तर ती यंत्रणा तुमचेही ९० दिवस मोजायला लागते आणि मग नव्वदाव्या दिवसानंतर 'मी खरं तर नागरिक आहे' हे सिद्ध करत बसावं लागतं.

दुसरं नागरिकत्व पिशवीत राहिलं तरी ते तुमच्याबरोबरच येतं, याचं आणखी ठळक उदाहरण अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्यात आहे. ज्या देशांच्या नागरिकांना अमेरिकेत व्हिसाशिवाय जाता येतं, त्यांच्यापैकी कोणाकडे इराण, इराक, सीरिया, सुदान अशा देशांचं नागरिकत्वही असेल तर ती सवलत जाते. उत्तर कोरिया आणि क्युबाही या यादीत आहेत. फ्रान्सचा पासपोर्ट आणि इराणचंही नागरिकत्व असलेल्या माणसाला, तो इराणला कधी गेला नसला तरी, दूतावासात जाऊन रीतसर व्हिसा काढावा लागतो. एस्टाच्या अर्जात दुसऱ्या नागरिकत्वाबद्दल थेट विचारलेलं असतं. अशा प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. विचारलं नसेल तर आपणहून जन्मकुंडली सांगत बसायची गरज नाही, पण विचारल्यावर नाही म्हणणं ही खोटी माहिती ठरते आणि तिचे परिणाम व्हिसा नाकारण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतात.

अडचणीत सापडलात तर कोण येणार?

आतापर्यंतचं सगळं फार तर चुकलेल्या विमानापुरतं होतं. यापुढचं गंभीर आहे.

परदेशात अटक झाली की आपला दूतावास मदतीला येतो, असं आपण धरून चालतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधायचा हक्क आहे. पण त्यात 'परदेशी' हा शब्द महत्त्वाचा. ज्या देशात अटक झाली त्याच देशाचे तुम्ही नागरिक असाल तर त्याच्या लेखी तुम्ही परदेशी नाही. १९३० च्या हेग करारातच हे नोंदवलं आहे: एखादा माणूस दोन्ही देशांचा नागरिक असेल, तर एक देश दुसऱ्या देशाविरुद्ध त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. कायदा पुढे थोडा सैल झाला आहे, पण व्यवहारात भिंत तीच.

नाझनीन झगारी-रॅटक्लिफ यांचं प्रकरण जगाने पाहिलं. त्या ब्रिटिश आणि इराणी अशा दोन्ही देशांच्या नागरिक. एप्रिल २०१६ मध्ये आईवडिलांना भेटून परत निघताना तेहरानच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. इराण दुसरं नागरिकत्व मानतच नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने त्या फक्त इराणी होत्या आणि ब्रिटनला त्यात बोलायचा अधिकार नव्हता. मार्च २०१९ मध्ये ब्रिटनने त्यांना अधिकृतपणे राजनैतिक संरक्षण दिलं. असं पाऊल सरकारं क्वचितच उचलतात. तरी त्या ब्रिटनला परतल्या मार्च २०२२ मध्ये. म्हणजे जवळपास सहा वर्षं.

प्रत्येकाच्या वाट्याला असं येत नाही हे उघड आहे. पण ज्या देशाचे तुम्ही नागरिक आहात त्याच्या हद्दीत शिरताना तिथल्या नागरिकाची कर्तव्यंही अंगाला चिकटतात. सर्वांत मोठं म्हणजे सक्तीची सैन्यसेवा. दक्षिण कोरियात दुहेरी नागरिक असलेल्या मुलाने ज्या वर्षी तो अठरा वर्षांचा होतो त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत कोरियाचं नागरिकत्व सोडलं नाही, तर सैन्यसेवेचं बंधन त्याच्यावर राहतं. आजीला भेटायला निघालेल्या विशीतल्या मुलाने तिकिटाआधी हे बघावं.

जिथे दोन चालतच नाहीत

हा सगळा खटाटोप ज्यांना कायद्याने दोन नागरिकत्वं ठेवता येतात त्यांच्यासाठी. बऱ्याच देशांत ती मुभा नाही. चीनचा १९८० चा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. सिंगापूरही नाही. जपान ठरावीक वयापर्यंत एकाची निवड करायला सांगतो. उलट जर्मनीने २७ जून २०२४ पासून दार उघडलं. आता जर्मन नागरिकत्व घेताना जुनं सोडावं लागत नाही.

भारताचा नियम स्पष्ट आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीयाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्या दिवसापासून हातातला भारतीय पासपोर्ट वापरणं बेकायदेशीर. तो रीतसर परत करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाला लोक सर्रास दुहेरी नागरिकत्व म्हणतात, ते तसं नाही. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे असं समजा. प्रवास परदेशी पासपोर्टवर, सोबत ओसीआय कार्ड. चेक-इनला दोन्ही दाखवायचं, कारण कार्ड नसेल तर विमान कंपनीच्या दृष्टीने तुमच्याकडे व्हिसा नाही. कार्ड घरी विसरून विमानतळावर आलेल्यांची फजिती नेहमीचीच.

नावं, तिकिटं आणि हरवलेला पासपोर्ट

दोन पासपोर्टवर नाव एकसारखं असेलच असं नाही. एकावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं. एकावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नाहीच. स्पॅनिश पद्धतीची दोन आडनावं एका देशाने ठेवली, दुसऱ्याने एकच घेतलं. अधिकारी डोळ्यांनी बघून समजून घेतो, पण यंत्र पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी वाचतं, आणि त्या ओळीतलं नाव तिकिटाशी जुळलं नाही की अडतं. तिकीट काढताना चेक-इनला जो पासपोर्ट दाखवणार त्यावरचं नाव अक्षरशः तसंच घाला. जाताना आणि येताना वेगळे पासपोर्ट लागणार असतील आणि नावंही वेगळी असतील, तर नाव बदलल्याचा दाखला किंवा विवाहाचं प्रमाणपत्र सोबत हवं. कायमचा उपाय मात्र एकच, पुढच्या नूतनीकरणाला दोन्ही नावं एकसारखी करून घेणं.

मुदतीकडे दोन्हींच्या लक्ष ठेवावं लागतं, कारण अनेक देश आत येताना पासपोर्ट आणखी सहा महिने चालणारा असावा असं म्हणतात. व्हिसा किंवा मंजुरी ज्या पासपोर्टवर घेतली त्याच्याशीच ती बांधलेली असते. नूतनीकरण झालं, नंबर बदलला, की एस्टासारखी मंजुरी पुन्हा घ्यायची.

आणि तिसऱ्या देशात असताना पासपोर्ट हरवला तर? दुसरा जवळ असला की हायसं वाटतं, पण प्रवेशाचा शिक्का हरवलेल्यावर होता. पोलिसात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या आणि स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात जाऊन दुसऱ्या पासपोर्टवर प्रवेशाची नोंद करून मिळते का ते विचारा. हे निघायच्या दिवशी विमानतळावर करायचं काम नाही. काही देशांत त्याला कामाचे दोन-तीन दिवस जातात, तेव्हा तिकीट त्यानुसार पुढे ढकलावं लागू शकतं. दोन्ही पासपोर्ट एकाच पिशवीत ठेवले नसतील तरच ही चर्चा. एकत्र गेले असतील तर परतीला ज्या देशात उतरायचं आहे त्याच्या दूतावासात जा, कारण तिथे आत घेणारा तातडीचा कागद तोच देऊ शकतो.